आरओचं उरलेलं पाणी सोलापूरला जातं

वॉटर प्युरिफायरच्या जाहिरातींची भाषा बदललीय, हे तुमच्या लक्षात आलंय का? पूर्वी जाहिरातीत जंतू असायचे. हिरवे, केसाळ, दात विचकणारे. आई ग्लास पुढे करायची आणि जंतू 'मर गये' म्हणून पळायचे. आता जंतू गेले आणि त्यांच्या जागी आले 'औषधांचे अंश', 'हार्मोन्स', 'मायक्रोप्लास्टिक' आणि सगळ्यात भारी म्हणजे 'फॉरेव्हर केमिकल्स'. शास्त्रज्ञ या सगळ्या मंडळींना मिळून 'इमर्जिंग कंटॅमिनंट्स' म्हणतात. म्हणजे नव्याने डोकं वर काढणारी प्रदूषणं.

आता यातल्या 'नव्याने' या शब्दात एक गोम आहे. ही रसायनं नवीन नाहीत. ड्यूपाँट कंपनीने अमेरिकेत टेफ्लॉन बनवण्यासाठी पीएफओए वापरायला सुरुवात केली १९५१ साली. नवीन काय आहे, तर ती मोजण्याची मशीन्स. आपल्या धंद्यात कसं, प्रॉडक्शनमध्ये वर्षानुवर्षं एक बग असतो, कोणीतरी एके दिवशी लॉगिंग लेव्हल डीबगवर टाकतो आणि स्क्रीन भरून एरर्स दिसायला लागतात. बग त्या दिवशी आलेला नसतो. तसंच हे.

पुण्यात राहणाऱ्यांना या विषयाची भीती विकणं सध्या फार सोपं आहे. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव या भागात जीबीएसचे पेशंट एकामागून एक सापडायला लागले, तेव्हा अख्खं शहर पाण्याकडे संशयाने बघायला लागलं. ते बरोबरच होतं. पण तो प्रश्न जंतूंचा होता, आणि जंतूंचा इलाज क्लोरीन, उकळणं, यूव्ही असा शंभर वर्षांचा जुना, पाठ झालेला आहे. त्या वेळी महापालिकेने त्या भागातले काही खासगी पाण्याचे प्लांटही सील केले होते, हे लोक सोयीस्करपणे विसरतात. 'प्लांटचं पाणी' म्हणजे शुद्ध पाणी असं काही समीकरण नाही. असो. आज जंतू नकोत, आज रसायनं.

यात सगळ्यात आधी एक गोष्ट वेगळी काढली पाहिजे. औषधांचे अंश आणि फॉरेव्हर केमिकल्स यांना एकाच टोपलीत टाकणं हा शुद्ध सेल्समनपणा आहे.

औषधांचं गणित करून बघा. समजा तुमच्या नळाच्या पाण्यात फिटच्या औषधाचे, म्हणजे कार्बामेझेपिनचे, लिटरमागे १०० नॅनोग्रॅम आहेत. (कार्बामेझेपिन का, तर ते साध्या सांडपाणी प्रक्रियेला अजिबात दाद देत नाही. पॅरासिटॅमॉल, कॅफीन यांना तिथले जीवाणू बऱ्यापैकी खाऊन टाकतात.) रोज तीन लिटर पाणी, सत्तर वर्षं. म्हणजे साधारण ७६,६५० लिटर. गुणाकार केला की आयुष्यभरात पोटात गेलं साडेसात मिलीग्रॅमच्या आसपास. मेडिकलमध्ये मिळणारी एक गोळी २०० मिलीग्रॅमची असते. म्हणजे अख्ख्या जन्मात एका गोळीचा पंचविसावा भागसुद्धा नाही! जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१२ च्या आपल्या अहवालात हेच म्हटलंय, की पिण्याच्या पाण्यातल्या इतक्या अल्प औषधांमुळे माणसाच्या आरोग्याला लक्षणीय अपाय होण्याची शक्यता फारच कमी.

मग औषधांचं काहीच नाही का? आहे, पण ते आपल्या ग्लासात नाही, नदीत आहे. कॅनडात शास्त्रज्ञांनी एका छोट्या तळ्यात गर्भनिरोधक गोळ्यांमधलं इस्ट्रोजेन लिटरमागे जेमतेम ५-६ नॅनोग्रॅम इतकं मुद्दाम सोडलं. तिथल्या नर मासळ्यांमध्ये मादीची लक्षणं दिसू लागली आणि फॅटहेड मिनो नावाच्या माशाची तळ्यातली संख्या जवळजवळ कोसळली. हा पेपर २००७ सालचा. त्याच वर्षी आपल्या हैदराबादजवळच्या पाटणचेरूचा पेपर आला. तिथे नव्वदेक औषध कंपन्यांचं सांडपाणी ज्या प्रक्रिया केंद्रात जातं, त्या केंद्रातून *प्रक्रिया होऊन* बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन सापडलं लिटरमागे ३१ मिलीग्रॅमपर्यंत. नॅनो नाही, मिली! पेशंटच्या रक्तात औषध घेतल्यावर जेवढं असतं त्याहून जास्त. अशा पाण्यात वाढणारे जीवाणू अँटिबायोटिकला हसायला नाही शिकले तरच नवल. आणि ते जीवाणू तुमच्या किचनमधल्या प्युरिफायरच्या परवानगीची वाट बघत नाहीत.

फॉरेव्हर केमिकल्स, म्हणजे पीएफएएस, हे मात्र वेगळं प्रकरण आहे. नॉनस्टिक, रेनकोट, आग विझवायचा फेस, पिझ्झाचा खोका, अशा सगळ्यांत वापरलेली हजारो रसायनं. कार्बन आणि फ्लोरिन यांची गाठ इतकी घट्ट की निसर्गात कोणालाच ती सोडवता येत नाही. आणि यातली बरीच जण शरीरात शिरली की मुक्काम ठोकतात. पीएफओए, पीएफओएस यांचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला काही वर्षं लागतात. तास नाही, दिवस नाही, वर्षं. त्यामुळे वरचं गोळीवालं गणित इथे चालत नाही, कारण इथे रोजचा थेंब साठत जातो. २०२३ च्या शेवटी आयएआरसीने पीएफओए हे माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. अमेरिकेच्या ईपीएने २०२४ च्या एप्रिलमध्ये पीएफओए आणि पीएफओएससाठी मर्यादा घातली लिटरमागे ४ नॅनोग्रॅम.

४ नॅनोग्रॅम म्हणजे किती हे डोक्यात बसत नव्हतं, म्हणून मी खडकवासल्यावर हिशोब केला. धरणाचा उपयुक्त साठा जवळजवळ दोन टीएमसी. धरण काठोकाठ भरलेलं असताना सगळ्या पाण्यात ही मर्यादा गाठायला किती पीएफओए लागेल? सव्वादोनशे ग्रॅम. किराणा दुकानातल्या पाव किलोच्या पुडीपेक्षाही कमी. कॅल्क्युलेटरवर तीनदा केलं, तुम्हीही करून बघा.

आणि आपल्याकडे मर्यादा काय? आपलं पिण्याच्या पाण्याचं मानक आहे आयएस १०५००, २०१२ सालचं. त्यात कीटकनाशकं आहेत, शिसं आहे, आर्सेनिक आहे. पीएफएएस नाही, औषधं नाहीत. जे मानकात नाही ते कोणी मोजत नाही, आणि जे कोणी मोजत नाही ते 'आमच्या पाण्यात आढळलेलं नाही' असं छातीठोकपणे सांगता येतं. टेस्ट केस लिहिलीच नाही तर टेस्ट फेल कशी होणार :-)

आता घरातला फिल्टर. याबद्दल उगाच तात्त्विक बोलण्यापेक्षा एक चांगला अभ्यास आहे तो सांगतो. अमेरिकेतल्या ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २०२० साली चक्क लोकांच्या घरी जाऊन वापरात असलेले फिल्टर तपासले. लॅबमधले कोरे करकरीत नव्हेत. नळावरचे, जगमधले, फ्रिजमधले, सिंकखालचे मिळून ७६, आणि अख्ख्या घराच्या पाण्याला बसवलेले १३. सिंकखालचे आरओ आणि दुहेरी कार्बनचे फिल्टर यांनी पीएफएएस जवळपास साफ केले, ९४ टक्के किंवा त्याहून जास्त. साध्या कार्बन फिल्टरची सरासरी ७३ टक्के, पण ही सरासरी फसवी, कारण कुठे सगळं गेलं तर कुठे काहीच नाही. आणि अख्ख्या घराच्या सिस्टिम्सपैकी जिथे कार्बन वापरला होता अशा सहापैकी चार ठिकाणी, काही पीएफएएसचं प्रमाण फिल्टरनंतर *वाढलं* होतं!

वाढलं कसं? हे कळलं तेव्हा मी एकदम खूश झालो, कारण हा अस्सल कॅशेचा प्रॉब्लेम आहे. ॲक्टिव्हेटेड कार्बन म्हणजे खास भाजलेला कोळसा, सच्छिद्र इतका की त्याच्या एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या घरात जातो. रेणू येऊन या पृष्ठभागाला चिकटतात. जागा आहे तोवर सगळं छान. जागा भरली की नवे, जास्त चिकट रेणू येतात आणि आधीच्या कमी चिकटणाऱ्यांना हुसकून लावतात. शुद्ध इव्हिक्शन पॉलिसी! हुसकलेले कुठे जातात? तुमच्या ग्लासात. म्हणजे कार्ट्रिज वेळेवर न बदललेला फिल्टर हा नसलेल्या फिल्टरपेक्षा वाईट ठरू शकतो. छोट्या साखळीचे पीएफएएस असे आधी सुटतात. मधुमेहाचं मेटफॉर्मिन पाण्यात इतकं रमतं की कार्बनला फारसं चिकटतच नाही.

आरओचा मामला वेगळा. तिथे चिकटणं नाही, गाळणं आहे, पडद्यातून दाबाने. मोठे आणि विद्युतभार असलेले रेणू अडतात. एनडीएमएसारखा बारका, भार नसलेला रेणू मात्र बऱ्यापैकी निसटतो. यूव्हीबद्दल तर सांगूच नये. घरगुती प्युरिफायरमधला यूव्हीचा दिवा जंतू मारायला पुरेसा असतो, पण औषधाचा रेणू तोडायला त्याच्या कितीतरी पट डोस लागतो, शिवाय सोबत हायड्रोजन पेरॉक्साइडसारखं काहीतरी. आणि आईचा हुकमी उपाय, उकळणं? पीएफएएसच्या बाबतीत पाणी आटतं आणि ते तसंच राहतं, म्हणजे थोडं घट्टच होतं. मायक्रोप्लास्टिकच्या बाबतीत मात्र आईचा विजय! २०२४ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी दाखवलं की जड पाणी उकळलं की त्यातला चुना खाली बसताना प्लास्टिकचे बारीक कण आपल्यात गुंडाळून घेतो. वरचं पाणी गाळून घेतलं की ९० टक्क्यांपर्यंत कण जातात. मऊ पाण्यात हा आकडा पंचवीसच्या आसपास येतो. म्हणजे खडकवासल्याच्या पाण्यापेक्षा टँकरच्या पाण्याला ही युक्ती जास्त लागू. टँकरच्या पाण्याचं कौतुक करायची ही पहिलीच वेळ.

तेव्हा स्पष्ट सांगतो, पीएफएएसपुरतं बोलायचं तर आरओ उत्तम आहे. आरओवाल्यांचा मला राग नाही. राग आहे तो ते ज्या पद्धतीने विकतात त्याचा.

ती पद्धत तुम्ही पाहिली असेलच. टाय लावलेला मुलगा येतो, तुमच्या पाण्याच्या ग्लासात दोन-दोन दांड्या असलेलं यंत्र बुडवतो, आणि मिनिटभरात पाणी चिखलासारखं तपकिरी होतं. त्याच्या आरओच्या पाण्यात मात्र काही होत नाही. काकू हादरतात, चेक फाडतात. आमच्या सोसायटीत एका संध्याकाळी चार चेक फाटले. वास्तविक त्यातल्या दांड्या लोखंडाच्या असतात. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड गंजून पाण्यात उतरतं. तो चिखल म्हणजे त्या पोराच्याच दांडीचा गंज! आरओच्या पाण्यात क्षार नसतात, वीज वाहत नाही, गंज चढत नाही. आठवीच्या विज्ञानाचा प्रयोग आहे हा.

मग निघतो टीडीएस मीटर. आमच्याकडे कॉर्पोरेशनचं पाणी शंभराच्या आत दाखवतं आणि उन्हाळ्यातला टँकर सहाशेच्या वर. मीटर काय मोजतो? पाण्यातून वीज किती वाहते, म्हणजे मीठ-चुना किती विरघळलाय ते. त्याचा सगळ्यात लहान आकडा १ पीपीएम, म्हणजे लिटरमागे दहा लाख नॅनोग्रॅम. आणि आपण शोधतोय ४ नॅनोग्रॅम. इंटिजरमध्ये ०.०००००४ साठवायला जाल तर काय मिळेल? शून्य. टीडीएस ४० असलेल्या पाण्यात पीएफएएस भरपूर असू शकतात आणि ८०० असलेल्या विहिरीत एकही नसू शकतो. गंमत म्हणजे आरओच्या विरोधकांचंही डोकं टीडीएसमध्येच अडकलंय. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ च्या मे महिन्यात सांगितलं, की जिथे टीडीएस ५०० च्या खाली आहे तिथे आरओवर बंदी आणा, आणि बाकी ठिकाणी किमान ६० टक्के पाणी परत मिळालं पाहिजे. पाण्याच्या नासाडीच्या दृष्टीने हा विचार योग्यच. पण मीटर दोन्ही बाजूंच्या हातात तोच.

नासाडीवरून आठवलं. आता मूळ मुद्द्याला येतो, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

आरओ रसायनं नष्ट करत नाही. एक लिटर पाणी गाळलं की जुन्या मशीनमध्ये सहज दोन-तीन लिटर पाणी वेगळ्या नळीने बाहेर जातं, आणि अडवलेलं सगळं त्या नळीत असतं. नळी कुठे जाते? सिंकमध्ये. सिंक ड्रेनेजमध्ये, ड्रेनेज सांडपाणी प्रक्रिया केंद्रात (नशीब असेल तर), केंद्र मुळा-मुठेत, मुळा-मुठा भीमेत, भीमा उजनी धरणात. आणि उजनीचं पाणी कोण पितं? सोलापूर.

माझी सासुरवाडी सोलापूरची आहे, त्यामुळे हा नकाशा मला जरा जास्तच स्पष्ट दिसतो. तिथे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, आलं की सासूबाई पिंपं भरून ठेवतात. ते पाणी म्हणजे काही प्रमाणात आमचंच, आमच्या गोळ्या, आमचे शॅम्पू, आमचे रेनकोट आणि आमच्या आरओने अडवलेला ऐवज यांसकट. मान्य, आरओ नसता तरी यातलं बहुतेक नदीतच गेलं असतं. पण आपण पैसे देऊन 'काढून टाकतो' म्हणतो ते फक्त आपल्या ग्लासातून काढून पुढच्याच्या ग्लासाकडे ढकलतो, एवढं तरी कबूल करायला काय हरकत आहे? जपानच्या कर्जातून पुण्यात अकरा नवीन प्रक्रिया केंद्रांची योजना आहे, २०१६ साली करार झाला. चांगलंच आहे. पण तसली केंद्रं मैला आणि सेंद्रिय घाण काढण्यासाठी असतात. कार्बामेझेपिन आणि पीएफएएस त्यांच्यातून फिरायला गेल्यासारखे जातात.

हे होऊ शकत नाही असं नाही. स्वित्झर्लंडने २०१६ पासून कायदाच केला, की सातशेहून जास्त केंद्रांपैकी महत्त्वाच्या शंभरेक केंद्रांवर ओझोन किंवा कार्बनची आणखी एक पायरी बसवायची आणि हे सूक्ष्म प्रदूषक ८० टक्के काढायचे. खर्चासाठी पट्टी बसवली, माणशी वर्षाला जास्तीत जास्त ९ फ्रँक. आपले हजारेक रुपये. चार माणसांच्या घराचे चार हजार, जे मी आज माझ्या एका आरओच्या एएमसीला देतो, आणि त्यातून सोलापूरला काहीही मिळत नाही. युरोपियन युनियन आणखी पुढे गेलं. २०२४ च्या त्यांच्या नव्या निर्देशात या जादा पायरीचा किमान ८० टक्के खर्च औषध आणि सौंदर्यप्रसाधन कंपन्यांनी द्यायचा आहे.

आपल्याकडे मात्र उलटी गंगा. इटलीत व्हिचेन्झाजवळ मितेनी नावाचा पीएफएएसचा कारखाना होता. त्याने साडेतीन लाख लोकांच्या भागातलं भूजल खराब केलं, २०१८ साली दिवाळं निघालं, आणि २०२५ च्या जूनमध्ये तिथल्या कोर्टाने अकरा जणांना मिळून १४१ वर्षांची शिक्षा सुनावली. त्या कारखान्याची यंत्रसामग्री लिलावात कोणी घेतली? लक्ष्मी ऑरगॅनिक या आपल्या मुंबईच्या कंपनीच्या उपकंपनीने, २०१९ मध्ये. आणि ती आली खेडजवळच्या लोटे परशुरामला. इथेही तसंच प्रदूषण होईल असं मी म्हणत नाही, यंत्र तेच असलं तरी चालवणारे वेगळे असू शकतात. पण इटलीत ज्या पदार्थांसाठी लोकांची रक्तं तपासली गेली, त्यांची आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात ओळसुद्धा नाही. मोजणार कशाच्या आधारावर?

आता आमची सोसायटी. पुढच्या रविवारी एजीएमला प्रस्ताव आहे, सगळ्या बिल्डिंगला मिळून एकच मोठा आरओ, अंघोळीपासून फ्लशपर्यंत. मी विरोधात मत देणार आहे. फ्लशला आरओचं पाणी आणि वर दर लिटरमागे आणखी पाणी गटारात, हे माझ्या पचनी पडत नाही. त्याऐवजी मी तीन गोष्टी मांडणार आहे. प्यायच्या पाण्यापुरता ज्याला हवा त्याने किचनमध्ये फिल्टर लावावा, आणि विकणाऱ्याकडे टीडीएसचा आकडा न मागता पीएफएएस आणि औषधं यांचा चाचणी अहवाल मागावा. एनएसएफचं ४०१ नंबरचं मानक याच कामासाठी आहे, त्यात औषधं-बिषधं धरून पंधरा पदार्थ आहेत, आणि पीएफएएससाठी ५३ आणि ५८. अहवाल नसेल तर दार तिकडे आहे. दुसरं, कार्ट्रिज बदलायची तारीख सगळ्यांनी मशीनवर मार्करने लिहावी, आणि काढलेलं जुनं कार्ट्रिज टेक्निशियनला परत नेऊ देऊ नये, नाहीतर ते पुसून पुढच्या घरी लागतं (आमच्या बिल्डिंगमध्ये झालंय, म्हणून सांगतो). तिसरं, प्लांटसाठी काढायच्या वर्गणीतला छोटासा हिस्सा वापरून टँकरच्या आणि नळाच्या पाण्याची एकदा पीएफएएसची चाचणी करून घ्यावी. एका घराला महाग पडते, दोनशे फ्लॅटमध्ये वाटली तर माणशी एका पिझ्झाच्या आत.

आणि जो काही रिपोर्ट येईल तो महापालिकेला पाठवताना एक कॉपी सोलापूर महापालिकेलाही पाठवायची, असं मी सेक्रेटरींना सांगितलंय. ते म्हणाले, "अहो, त्यांचा काय संबंध?" नकाशाची प्रिंट काढून ठेवली आहे.